चित्र विस्कटलं म्हणजे सुरक्षित झालं का?

फोटोचे पिक्सेल विस्कटून टीव्हीवरच्या मुंग्यांसारखे दिसायला लागले, की फोटो सुरक्षित झाला असं वाटतं. केऑसवर आधारित इमेज एन्क्रिप्शनचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो. या विषयात पीएच.डी. करायचा विचार असेल, तर तो आधी माहीत हवा.

१९७६ मध्ये रॉबर्ट मे यांनी लॉजिस्टिक मॅपकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. क्ष घ्या, त्याला (१ − क्ष) ने आणि चारच्या जवळपासच्या एका स्थिरांकाने गुणा, उत्तर पुन्हा त्याच सूत्रात घाला. आपल्या जालन्यात बियाणं बदललं की पीक बदलतं, हे वेगळं सांगायला नको. इथेही सुरुवातीचा आकडा, म्हणजे सीड, दहाव्या दशांश स्थळाला बदलला तरी तीस-चाळीस फेऱ्यांत पूर्ण वेगळी मालिका मिळते.

१९८९ मध्ये रॉबर्ट मॅथ्यूज यांनी अशी मालिका किल्ली म्हणून वापरायचं सुचवलं. त्याच वर्षी, 'क्रिप्टोलॉजिया' याच नियतकालिकात व्हीलर यांनी अडचण दाखवली: संगणकात दशांश स्थळं मर्यादित असतात, त्यामुळे मालिका कधी ना कधी स्वतःचीच पुनरावृत्ती करते. १९९८ मध्ये जेसिका फ्रिड्रिक यांनी दोन टप्प्यांची पद्धत मांडली. आधी पिक्सेलच्या जागा बदलायच्या, मग किमती. पुढच्या असंख्य पेपरांचा साचा हाच.

भारतातलं उदाहरण राजस्थानातलं आहे. पारीक, पाटीदार आणि सूद यांनी २००६ मध्ये ८० बिटांची किल्ली आणि दोन लॉजिस्टिक मॅप वापरून योजना मांडली. २००९ मध्ये चेंगचिंग ली आणि सहकाऱ्यांनी तिच्यातल्या कमकुवत किल्ल्या दाखवल्या. पाटीदार आणि सहकाऱ्यांची २००९ ची दुसरी योजना तर पुढच्याच वर्षी चित्राच्या एका जोडीवरून फुटली. मग सुधारित आवृत्ती आली, २०११ मध्ये तीही फुटली.

अशा योजना फुटतात कशा? समजा पिक्सेल २०० आहे आणि किल्लीचा आकडा ५७. एक्सॉर केलं की २४१ येतं. आता किल्लीची मालिका चित्रावर अवलंबून नसेल, तर हल्लेखोर त्याच यंत्रात पूर्ण काळं चित्र घालतो. शून्य एक्सॉर ५७ म्हणजे ५७. किल्लीचा आकडा उघडा पडला! केऑसचं गणित सोडवायची गरजच पडली नाही. नुसत्या जागा बदलल्या असतील, तर २५६ × २५६ च्या चित्रासाठी नीट निवडलेली दोन चित्रं पुरतात: एकात ओळ क्रमांक लिहायचा, दुसऱ्यात स्तंभ क्रमांक.

सपाट हिस्टोग्राम, शेजारच्या पिक्सेलमधला शून्याजवळचा सहसंबंध, एनपीसीआर, यूएसीआय या चाचण्या असा हल्ला पकडत नाहीत. पेपरात मात्र अनेकदा तेवढेच तक्ते असतात. अल्वारेझ आणि शुजुन ली यांनी २००६ मध्येच अशा योजनांसाठी किमान अटींची यादी दिली होती.

म्हणून नवा मॅप शोधण्याआधी एखादी जुनी योजना स्वतः फोडून बघा. काळं चित्र घालून सुरुवात करा. त्यातून जे कळेल, ते दहा पेपर वाचून कळणार नाही.