कामरगावात इलेक्ट्रिक पिकअप परवडेल का? शोरूमला जाण्याआधी करायचा हिशेब

कामरगाव (ता. कारंजा, जि. वाशिम) : सोयाबीन निघालं की गावोगावी एकच विचारणा सुरू होते, गाडी कोणाची मिळेल अन् भाडं किती घेईल? डिझेलचा भाव वाढला की भाडंही वाढतं. मग घरचीच गाडी असावी असं अनेकांच्या मनात येतं. त्यात आता इलेक्ट्रिक मालवाहू गाड्या बाजारात आल्या आहेत. डिझेल नको, ऑइल नको, घरच्या लाइनवर चार्ज करा, असं सांगितलं जातं. ही गोष्ट खोटी नाही, पण अर्धीच आहे. गाडीचा हप्ता चार-पाच वर्षे चालतो आणि पाऊस दगा देवो की भाव पडो, तो थांबत नाही. त्यामुळे सही करण्याआधी घरी बसून हिशेब केलेला बरा.

बाजारात नेमकं काय मिळतं?

गावात ‘पिकअप’ म्हटलं की डोळ्यासमोर बोलेरो पिकअप येते. ती कागदावर मॉडेलप्रमाणे १३०० ते १७०० किलो माल उचलते. आज मिळणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्या त्या वर्गातल्या नाहीत. त्या ‘छोटा हत्ती’च्या वर्गातल्या आहेत.

टाटाने मे २०२२ मध्ये एस ईव्ही आणली. तिची बॅटरी २१.३ युनिटची, भार ६०० किलो आणि कंपनीने सांगितलेली रेंज १५४ किलोमीटर. २०२४ मध्ये एक टन भाराची एस ईव्ही १००० आली. जून २०२५ मध्ये एस प्रो ईव्ही आली. तिची बॅटरी १४.४ युनिटची, भार ७५० किलो, रेंज १५५ किलोमीटर आणि सुरुवातीची किंमत साडेसहा लाख रुपये होती. महिंद्राची झिओ ऑक्टोबर २०२४ मध्ये ७ लाख ५२ हजारांपासून आली. तिचा भार ७६५ किलोपर्यंत आहे. युलर कंपनीची स्टॉर्म ईव्ही साडेबाराशे किलो उचलते, पण तिची किंमतही वर जाते.

या गाड्या आधी शहरात घरपोच माल पोचवणाऱ्या कंपन्यांसाठी बनल्या. ठरलेला रस्ता, हलका माल आणि रात्री एकाच जागी मुक्काम, असं ते काम असतं. आपलं काम त्याच्याशी जितकं जुळेल तितकी गाडी परवडते.

पहिला प्रश्न : वजन किती?

७५० किलो म्हणजे साडेसात क्विंटल. साठ किलोचा कट्टा धरला तर सोयाबीनचे बारा कट्टे. डीएपीच्या पन्नास किलोच्या पंधरा बॅगा, युरियाच्या ४५ किलोच्या सोळा. वीस लिटरचे पाण्याचे जार पस्तीसेक.

ज्याच्या घरी पंचवीस क्विंटल सोयाबीन होतं, त्याला कारंजाच्या बाजार समितीत चार फेऱ्या माराव्या लागतील. बोलेरोवाला तेच काम दोन फेऱ्यांत करतो. ‘टाक अजून चार कट्टे, काही होत नाही’ ही सवय इथे महागात पडते. जास्त वजनाने रेंज झपाट्याने उतरते, मोटर आणि बॅटरी तापते. वॉरंटी किंवा विम्याचा दावा करताना ओव्हरलोड आडवा येऊ शकतो तो वेगळाच.

दुसरा प्रश्न : रोजचे किलोमीटर किती?

कंपनीची रेंज चाचणीतली असते. भरलेली गाडी, खड्ड्यांचा रस्ता, चढ आणि उन्हाळ्यातला ४४-४५ अंशांचा पारा यात ती कमी होते. अंदाजासाठी कागदावरच्या रेंजचा साठ टक्के भाग धरावा. म्हणजे १५५ ची गाडी नव्वदच्या आसपास. वर्षातला सगळ्यात लांब पल्ल्याचा नेहमीचा दिवस या नव्वदच्या आत बसत असेल तरच पुढचा विचार करावा.

कामरगावहून कारंजा आणि आजूबाजूच्या खेड्यांच्या फेऱ्या यात बसू शकतात. नागपूर मात्र एका बाजूनेच दीडशे किलोमीटरच्या वर आहे. संत्रा किंवा भाजी घेऊन तिथे जाणाऱ्याला वाटेत चार्जिंगला थांबावंच लागेल. थांबण्याची सोय असली तरी नाशवंत माल थांबत नाही.

समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक गाडीला टोल माफ आहे, असं ऐकून काही जण हिशेब मांडतात. ती माफी प्रवासी चारचाकी आणि बसगाड्यांसाठी आहे. मालवाहू इलेक्ट्रिक गाड्यांना ती नाही.

तिसरा प्रश्न : चार्जिंग कुठे करणार?

घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला साधारण तीन युनिट वीज गाडीत जाते. म्हणजे १४.४ युनिटच्या बॅटरीला पाच तास, २१.३ युनिटच्या बॅटरीला सात तास. रात्री गाडी लावली तर सकाळी तयार. पण त्यासाठी रात्रभर लाइन टिकली पाहिजे. गावातली डीपी जळाली तर नवी बसेपर्यंत डिझेलवाला चालतो, इलेक्ट्रिकवाला थांबतो. व्होल्टेज कमी राहत असेल तर चार्जिंग रेंगाळतं. आधी वायरमनकडून अर्थिंग, वायरची जाडी आणि मंजूर भार तपासून घ्यावा. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी चार्ज करू नये.

शेतातल्या कृषिपंपाची लाइन वापरण्याचा मोह होतो, कारण ते बिल माफ आहे. तो मोह टाळावा. शेतीच्या जोडणीवरून गाडी चार्ज करणं हा अनधिकृत वापर ठरतो आणि वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार दुप्पट दराने आकारणी होते.

घरच्या मीटरचाही एक मुद्दा आहे. युनिट वाढले की दराचा टप्पा वाढतो. घराला महिन्याला शंभर युनिट लागत असतील आणि गाडीने साडेतीनशे खाल्ले, तर वरचे युनिट चढ्या दराने पडतात. त्यामुळे चार्जिंगसाठी वेगळी जोडणी घेतल्यास दर काय लागेल, हे महावितरणच्या उपविभागात आधी विचारावं. पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छतावर तीन किलोवॅटचा सोलर बसवायला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. असा सोलर दिवसाला सरासरी बारा युनिट देतो. ज्याच्याकडे तो आहे त्याचा हिशेब बराच हलका होतो.

चौथा प्रश्न : पैसा किती वर्षांत निघेल?

जून २०२५ मध्ये एस प्रोची पेट्रोल गाडी ३ लाख ९९ हजारांपासून आणि इलेक्ट्रिक साडेसहा लाखांपासून होती. म्हणजे अडीच लाखांचा फरक. तो रोजच्या बचतीतून भरून निघायला हवा.

पेट्रोल १०५ रुपये आणि गाडी लिटरला १८ किलोमीटर धरली, तर किलोमीटरला पावणेसहा रुपयांच्या वर खर्च येतो. इलेक्ट्रिक गाडी मीटरच्या एका युनिटमध्ये साडेपाच किलोमीटर धरली आणि युनिट १४ रुपये, तर किलोमीटरला अडीच रुपयांच्या आसपास. बचत साधारण सव्वातीन रुपये. या बचतीने अडीच लाख भरून यायला सुमारे ७७ हजार किलोमीटर लागतात.

• वर्षात ३०० दिवस, रोज ३० किलोमीटर : वर्षाला ९ हजार. पैसा निघायला साडेआठ वर्षे.
• वर्षात ३०० दिवस, रोज ८० किलोमीटर : वर्षाला २४ हजार. पैसा निघायला सव्वातीन वर्षे.
• फक्त हंगामात दोन महिने : हिशेब मांडण्यात अर्थ नाही.

यात जास्तीच्या कर्जाचं व्याज धरलेलं नाही. ऑइल, फिल्टर, क्लचप्लेट यांची बचतही धरलेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल-डिझेलच्या मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. इलेक्ट्रिकवर तो आधीपासून ५ टक्केच आहे. त्यामुळे दोन्ही गाड्यांचं आजचं कोटेशन हातात घेऊन फरक काढावा, जुन्या किमतीवर जाऊ नये.

सरकारी सवलतीचं काय?

राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात हलक्या मालवाहू गाड्यांना मूळ किमतीवर सवलत आणि मोटार वाहन करात माफी आहे. धोरण मार्च २०३० पर्यंतचं आहे. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत मात्र या छोट्या चारचाकी मालवाहू गाड्या येत नाहीत. थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात इलेक्ट्रिक गाडीला १५ टक्के सूट आहे. बॅटरीवरच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. नंबर प्लेट हिरवी आणि अक्षरं पिवळी असतात.

अनुदान ‘नंतर खात्यात येईल’ असं कोणी म्हटलं तर ते हिशेबात धरू नये. कोटेशनमध्ये वजा झालेली रक्कम तेवढीच खरी.

बिघडली तर?

बोलेरो किंवा छोटा हत्ती बंद पडला तर गावचा मिस्त्री दोन तासांत मार्ग काढतो. इलेक्ट्रिकची चाकं, ब्रेक, पाटे तोही करेल. पण बॅटरी, मोटर आणि नारंगी रंगाच्या जाड वायरींना हात लावणं जिवावर बेतू शकतं. ते काम कंपनीच्या शिकलेल्या माणसाचंच. म्हणून जवळचं ईव्ही सर्व्हिस सेंटर कुठे, कामरगावपर्यंत माणूस येतो का, गाडी ओढून न्यायचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्यावं.

बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, हेही पाहावं. एस ईव्हीला ती ७ वर्षे किंवा पावणेदोन लाख किलोमीटर आहे. बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेल्यावर ती बदलून मिळते, ती ओळ वॉरंटीच्या पुस्तकात शोधून वाचावी. जुन्या इलेक्ट्रिक मालगाडीचा बाजार अजून आपल्याकडे बसलेला नाही. त्यामुळे पाच वर्षांनी विकून इतके येतील, असा आकडा मनात धरू नये.

पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यावर ही गाडीही इतर छोट्या गाड्यांसारखीच फसते. वावरातून माल काढायला ट्रॅक्टर लागणारच.

मग घ्यावी कोणी?

• पाण्याचे जार, दूध, किराणा, बेकरी, अंडी किंवा भाजी घेऊन रोज ठरलेल्या गावांत फिरणाऱ्याने जरूर विचार करावा. फेरी रोजची, वजन बेताचं आणि रात्री गाडी घरी असते.
• कृषी केंद्र किंवा शेतकरी उत्पादक कंपनी, जिची गाडी बारा महिने फिरते, त्यांनाही जमू शकतं. हंगामातला जड माल भाड्याच्या गाडीने न्यावा.
• फक्त घरचं सोयाबीन, तूर, हरभरा न्यायला गाडी हवी असेल त्याने भाड्याचीच गाडी करावी. वर्षभराचं भाडं आणि वर्षाचे बारा हप्ते एका कागदावर शेजारी लिहिले की उत्तर दिसतं.
• लांबच्या भाड्यावर पोट असणाऱ्याने सध्या डिझेलच ठेवावं.

घेण्याआधी दोन कामं

एक, महिनाभर वही ठेवावी. रोज कुठे गेलो, मीटरवर किती किलोमीटर झाले, माल किती क्विंटल होता, परतताना गाडी रिकामी होती का, हे लिहावं. गाडी नसेल तर भाड्याच्या फेऱ्या लिहाव्यात.

दोन, डेमो गाडी शोरूमच्या चौकात फिरवून समाधान मानू नये. पूर्ण माल भरून, आपल्याच रस्त्याने, आपल्या सगळ्यात लांबच्या फेरीवर न्यावी. निघताना चार्ज किती टक्के होता आणि परतल्यावर किती उरला, ते पाहावं. वीस टक्क्यांच्या वर उरला तर पुढची बोलणी करावी. त्याखाली गेला तर ती गाडी आपल्या कामाची नाही, मग सवलत कितीही असो.