सुंगलो डोंगराचा हिरवा चहा

चीनच्या आन्हुइ प्रांतांत शिउनिंग परगण्यांत सुंगलो नांवाचा डोंगर आहे. जवळच्या हुआंगशानच्या शिखरांपुढें तो अगदींच ठेंगणा. परंतु हिरव्या चहाच्या इतिहासांत त्याचें नांव मोठें आहे. मिंग राजवटींत, सोळाव्या शतकांत, दाफांग नांवाच्या बौद्ध भिक्षूनें येथें पानें तापलेल्या कढईंत परतून चहा करण्याची कला रूढ केली, असें परंपरा सांगते. ताज्या पानाला वेळीं आंच लागली कीं त्याचें काळें पडणें थांबतें. मग तें वळावयाचें आणि मंद विस्तवावर सुकवावयाचें. काळ्या चहाचीं पानें आधीं बराच वेळ हवेंत ठेवतात. झाड मात्र एकच.

पुढें डोंगराचें नांव मालाला मिळालें. इंग्रज व्यापारी त्याला 'सिंग्लो' म्हणूं लागले. १७७३ च्या डिसेंबरांत बोस्टन बंदरांत अमेरिकन वसाहतवाल्यांनीं जो चहा समुद्रांत फेंकला, त्यांत सिंग्लोच्या ६० पेट्या होत्या. एवढा चहा पिऊनही युरोपला त्याचें झाड ठाऊक नव्हतें. थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यानें १७६२ त हिरव्या आणि काळ्या चहाच्या दोन निरनिराळ्या जाती ठरविल्या!

हा भ्रम रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश माळ्यानें दूर केला. १८४२ च्या तहानें परकीयांस पांच बंदरेंच मोकळीं झालीं होतीं. तरी १८४८ त, डोकें भादरून आणि खोटी वेणी लावून, तो चिनी वेषानें सुंगलोपर्यंत पोंचला. हिमालयांतील मळ्यांसाठीं चहाचें बीं व रोपें आणावयास ईस्ट इंडिया कंपनीनें त्याला धाडलें होतें. इंग्रजी ग्रंथांत या साहसाचें कौतुकच फार. चिनी ग्रंथकारानें त्याला चोरी म्हटलें, तर त्याला दोष कोणी द्यावा?

त्या मुलखांतील एका कारखान्यांत त्याला कारागिरांचे हात निळे झालेले दिसले. परदेशीं जावयाच्या चहाला प्रशियन निळा रंग आणि जिप्समची भुकटी चोळीत होते. शंभर पौंड चहामागें हें मिश्रण अर्ध्या पौंडाहून अधिक पडे, असा त्याचा हिशेब आहे. चिनी लोक स्वतः तसला चहा पीत नसत. मग ही लबाडी कोणाची? चिन्यांस ठक म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु कारागिरांचें म्हणणें फॉर्च्यूननेंच नमूद केलें आहे: परकीयांना एकसारखा, सुंदर दिसणारा चहा हवा असतो, आणि त्याला ते दामही जास्त मोजतात. म्हणजे गिऱ्हाइकाची चूक फक्त फसण्याची नव्हती. हिरवा चहा कसा दिसावा हें त्यानेंच ठरविलें होतें, डोंगराला न विचारतां.

त्या निळ्या रंगाचे व जिप्समचे नमुने फॉर्च्यूननें कारखान्यांतून मिळविले आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाकडे पाठवून दिले.