ज्या दगडाला पाणी सोसत नाही

अलाबास्टर म्हणजे बारीक कणांचे, एकजीव जिप्सम. मोह्स श्रेणीवर काठिण्य अवघे 2, म्हणजे नखानेही ओरखडा उमटतो. खारे पाणी आटत गेले की तळाशी जिप्सम बसते, आणि त्यातले थोडे पाणी स्फटिकात कायमचे बांधले जाते. वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा हे पाणीच असते. शुद्ध दगड पांढरा. लोहाचा अंश मिसळला की गुलाबी, तांबूस, तपकिरी शिरा उमटतात.

या मऊपणाचे चीज अ‍ॅसिरियन कारागिरांनी केले. इ.स.पू. नवव्या शतकात राजा असुरनासिरपाल दुसरा याने निमरूदच्या (आजच्या इराकमधील) राजवाड्याच्या भिंती याच दगडाच्या शिल्पपटांनी मढवल्या. त्यांवरचा पंखधारी रक्षक पाहा: पोटरीचे स्नायू दोरखंडासारखे पिळलेले, दाढीची वळी न् वळी वेगळी, आणि अंगावरूनच आडवा कोरत नेलेला क्यूनिफॉर्म (कीलाकार लिपीतला) लेख. कठीण दगडात इतके बारीक काम करायला कितीतरी अधिक कष्ट पडले असते. 1845 मध्ये ब्रिटिश उत्खननकार लेयार्डने तिथे उत्खनन सुरू केले आणि शिल्पपटांच्या पेट्या बसऱ्याहून मुंबईमार्गे लंडनला जाऊ लागल्या. निमरूदचे काही शिल्पपट मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. मुंबईकरांनी ते आवर्जून पाहावेत.

पण हा दगड उघड्यावर टिकत नाही. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमच्या वर जिप्सम विरघळते, म्हणून पावसात त्याची झीज होते. त्यामुळे त्याला कायम छताखालचीच कामे मिळाली. इटलीत व्होल्तेरा इथे प्राचीन एट्रुस्कन लोकांनी त्याचे अस्थिकलश घडवले, झाकणावर मेजवानीला रेलून बसलेला मृत माणूस. तिथे आजही अलाबास्टरचे कारागीर आहेत. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या कारागिरांनी चर्चच्या वेदीमागचे पट रंगवून, सोन्याचा मुलामा देऊन युरोपभर विकले. धर्मसुधारणेच्या लाटेत इंग्लंडमधल्या मूर्ती फोडल्या गेल्या. परदेशी गेलेल्या बऱ्याच वाचल्या.

इजिप्तचा म्हणून मिरवणारा अलाबास्टर मात्र बहुधा कॅल्साइट असतो. त्यावर आम्ल टाकले की फसफसते, जिप्सम ढिम्म राहते.

पाण्यासारखीच उष्णताही जिप्समला सोसत नाही. सुमारे 150 अंश सेल्सिअसला जिप्सममधले बरेचसे पाणी उडते आणि प्लास्टर ऑफ पॅरिस बनते. त्याआधीच, सततच्या उबेने अलाबास्टरचा अर्धपारदर्शकपणा जाऊन तो चुन्यासारखा दिसू लागतो. म्हणूनच 2002 मध्ये उघडलेल्या लॉस एंजेलिसच्या कॅथेड्रलमध्ये वास्तुविशारद राफाएल मोनेओ यांनी स्पॅनिश अलाबास्टरच्या पातळ खिडक्या बसवताना बाहेरून काचेचे वेगळे आवरण दिले.