कैगाचा वॉटर कूलर आणि लघवीची तपासणी : शरीरात गेलेला किरणोत्सार कसा मोजतात?

नोव्हेंबर २००९ मध्ये कैगा अणुऊर्जा केंद्रातल्या कामगारांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीत काही नमुन्यांमध्ये ट्रिटियमचं प्रमाण अचानक वाढलेलं दिसलं. हे केंद्र गोव्याच्या सीमेलगतच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, कारवारहून आत काळी नदीच्या काठी आहे. पहिलं युनिट तेव्हा देखभालीसाठी बंद होतं आणि कुठे गळतीही नव्हती. पिण्याच्या पाण्याची सगळी ठिकाणं तपासल्यावर एका वॉटर कूलरमध्ये ट्रिटियम सापडलं. कोणीतरी जड पाण्याच्या नमुन्याची कुपी मुद्दाम त्यात रिकामी केल्याचं तेव्हाचे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी सांगितलं. ५० हून अधिक कामगारांच्या पोटात ते पाणी गेलं होतं.

मग छातीवरचा बॅज काय करत होता?

अणुऊर्जा केंद्रात कामगार टीएलडी बॅज लावतात. पण तो बाहेरून अंगावर पडणारा किरणोत्सार मोजतो. ट्रिटियम हा हायड्रोजनचाच किरणोत्सारी भाऊ. त्याचे बीटा कण इतके दुबळे असतात की त्वचेचा वरचा मृत थरही ओलांडत नाहीत. बाहेर असेपर्यंत तो जवळपास निरुपद्रवी. प्यायलात किंवा श्वासातून आत घेतलात, तर हिशेब बदलतो. आणि बॅजला त्यातलं काहीच कळत नाही.

कैगासारख्या जड पाण्याच्या अणुभट्टीत ट्रिटियम सतत तयार होत असतं. ते पाण्याच्याच रूपात असल्यामुळे शरीरात गेल्यावर काही तासांत रक्त, घाम, लघवी असं सगळीकडे सारखं पसरतं. म्हणून थोड्याशा लघवीवरून सगळ्या शरीराचा अंदाज येतो. नमुना एका खास द्रवात मिसळतात. प्रत्येक बीटा कणामुळे त्यात प्रकाशाचा बारीक ठिपका चमकतो आणि यंत्र हे ठिपके मोजतं. पद्धत इतकी संवेदनशील आहे की डोस नगण्य असला तरी ट्रिटियम दिसतं. त्यामुळे ‘लघवीत किरणोत्सार सापडला’ एवढ्या मथळ्यावरून काहीच ठरत नाही. किती सापडला ते विचारायला हवं.

भारतात अशा कामगारांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३० मिलिसिव्हर्ट अशी आहे. ट्रिटियमयुक्त पाण्यातून १०० कोटी बेकरेल पोटात गेले, तर डोस साधारण १८ मिलिसिव्हर्ट होतो.

शरीरातलं निम्मं ट्रिटियम सुमारे १० दिवसांत बाहेर पडतं. भरपूर पाणी प्यायलं तर त्याहून लवकर. कैगातल्या कामगारांना लघवी वाढवणारी औषधंही याचसाठी दिली गेली.

खरी अडचण वेळेची. नमुना पाणी प्यायल्यानंतर २० दिवसांनी घेतला, तर सुरुवातीच्या चौथा हिस्साच उरलेला असतो. कामगार नेमका कधी प्यायला हे माहीत नसेल, तर डोसचा अंदाज कित्येक पटींनी चुकू शकतो. म्हणून नमुने ठरावीक दिवसांनी घ्यावे लागतात, आणि काम संपवून गावी निघालेल्या कंत्राटी कामगाराचा नमुना तो जाण्याआधीच घ्यावा लागतो.

प्रत्येक पदार्थाला हीच तपासणी चालत नाही. सीझियम आणि आयोडीनचे गॅमा किरण शरीराबाहेर येतात, त्यामुळे ते यंत्रासमोर बसवून थेट मोजता येतात. प्लुटोनियम मात्र हाडांत आणि यकृतात दडून बसतं, लघवीतून अगदी थोडं उतरतं. त्यासाठी २४ तासांची लघवी साठवून रासायनिक प्रक्रियेने ते वेगळं करावं लागतं, आणि निकाल हाती यायला कित्येक दिवस जातात.