धावती मोटार आणि साधा कॅमेरा

यंत्र स्वस्त झाले म्हणजे कला सर्वांची होते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. ते अर्धेच खरे. यंत्राबरोबर त्याच्या मर्यादेचे ज्ञानही घरोघर जावे लागते. धावत्या मोटारीच्या छायाचित्राचा इतिहास याची साक्ष देतो.

१९०० साली अमेरिकेत कोडॅक कंपनीने ‘ब्राऊनी’ हा पुठ्ठ्याचा पेटी-कॅमेरा एका डॉलरला विकावयास काढला. कॅमेरा शाळकरी पोराच्या हाती आला. पण मोटारीशी गाठ पडली की त्याची फजिती होई. अशा कॅमेऱ्याची झडप सुमारे एक पन्नासांश सेकंद उघडी राही. ताशी १०० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्यात अर्ध्या मीटरहून अधिक सरकते. मग कागदावर उरे तो नुसता धुरकट पट्टा!

महाग कॅमेऱ्यालाही खोड होतीच. १९१३ च्या जुलैमध्ये फ्रान्समधील शर्यतीत झाक आंरी लार्तीग या एकोणीस वर्षांच्या श्रीमंत घरच्या हौशी तरुणाने धावत्या मोटारीमागे कॅमेरा फिरवीत चित्र घेतले. त्याच्या कॅमेऱ्यात पडद्याची फट काचेवरून सरकत जाई. म्हणून दृश्याचा खालचा भाग आधी व वरचा नंतर उमटला. कॅमेरा मोटारीपेक्षा थोडा सावकाश फिरला. त्यामुळे चाक पुढे कलले, प्रेक्षक मागे झुकले! हे वैगुण्यच पुढे वेगाची खूण म्हणून जगप्रसिद्ध झाले. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने लार्तीगची छायाचित्रे मांडली, तेव्हा तो ६९ वर्षांचा होता.

आज साध्या मोबाईलमध्येही कॅमेरा आहे. बहुतेक मोबाईल चित्र ओळीओळीने टिपतात. म्हणून तीच कललेली चाके पुन्हा दिसतात. जुना विणकर आपल्या मागाची खोड ओळखूनच हात चालवितो. येथेही तेच करावे. मोटार वळणावर मंदावते, तेथे उभे राहावे. आडवी जाणारी टिपण्यापेक्षा तिरपी समोर येणारी टिपावी. आडवीच टिपावयाची, तर पाय रोवून कमरेतून वळावे आणि कळ दाबल्यावरही वळणे थांबवू नये. उभी मोटार सकाळच्या वा संध्याकाळच्या उन्हात, गुडघा टेकून, दिव्यांच्या उंचीवरून घ्यावी. फार जवळ गेल्यास तिचे नाक फुगते. चार पावले मागे सरावे. मागचा विजेचा खांब टपावर उगवला नाही ना, तेही पाहावे.

आणखी एक गोष्ट आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांच्या नजरेतून सुटत नाही. त्या काळी शर्यतीच्या मोटारीत चालकाशेजारी एक मेकॅनिक बसे. नाव गाजे ते चालकाचे. लार्तीगच्या चित्रात मात्र दोघेही आहेत. कॅमेऱ्याने पंक्तिप्रपंच केला नाही. आपणही मोटारीचे चित्र घेताना तिला चालती ठेवणाऱ्या हातांना चौकटीबाहेर ठेवू नये, एवढीच आमची विनंती.