मृतांची मोजदाद

इतिहासकारानें राजांच्या वंशावळी जुळवाव्या आणि लढायांच्या तिथी ठरवाव्या, अशी समजूत आपल्याकडे पुष्कळ काळ रूढ होती. विसाव्या शतकानें त्याच्यावर आणखी एक जड काम सोपविलें: मारल्या गेलेल्या माणसांची मोजदाद करावयाची, आणि कोणत्या शब्दांच्या बळावर तीं मारलीं गेलीं हें शोधून काढावयाचें. हें काम कोणासच प्रिय नसतें. जिंकणारास तें अडचणीचें वाटतें, हरणारास अपुरें वाटतें, आणि ज्यांनीं सर्व डोळ्यांदेखत पाहिलें त्यांना तो विषयच नकोसा असतो. मराठवाड्यांत हें काम १९४८ सालीं पंडित सुंदरलाल या इतिहासकारानें आपल्या दोन सहकाऱ्यांसह केलें. त्या कामाचें पुढें काय झालें, हें केजसारख्या गांवाच्या वेशींत उभें राहून पाहावें, असा आमचा हेतु आहे.

केज हें बीडहून अंबाजोगाईस जाणाऱ्या वाटेवरील तालुक्याचें गांव. निजामाच्या राज्यांत तें बीड जिल्ह्यांत मोडे, आणि त्याच्या शेजारीं उस्मानाबाद जिल्ह्यांतील कळंब तालुका लागे. अंबाजोगाईस त्या काळीं मोमिनाबाद म्हणत. तेथील योगेश्वरी विद्यालयांत १९३५ पासून कांहीं वर्षें मुख्याध्यापक असलेले स्वामी रामानंद तीर्थ हे पुढें हैदराबाद स्टेट काँग्रेसचे सर्वमान्य पुढारी झाले. दुसऱ्या दिशेस लातूर. तेथें वकिली करणारा कासीम रझवी रझाकारांचा सेनापति झाला. अर्थात् त्या झगड्याचे दोन्ही सूत्रधार ज्या मुलुखांत वावरले, त्याच मुलुखांत केज वसलेलें आहे.

हत्याराच्या आधीं शब्द येतो, हा या विषयाचा पहिला धडा होय. मजलिस-इ-इत्तेहादुल मुसलमीन या संस्थेनें ‘अनल मलिक’ या नांवाचा एक सिद्धांत पसरविला होता. राज्याची सत्ता एकट्या निजामाची नसून रियासतींतील प्रत्येक मुसलमान त्या सत्तेचा वांटेकरी आहे, असें त्याचें सार. ज्या विणकराच्या घरीं दोन वेळची भाकर कष्टानें मिळे, त्यालाही या शब्दांनीं राजा बनविलें. रझवीच्या भाषणांनीं १९४७-४८ मध्यें या कल्पनेस तलवार दिली. गांवें जाळलीं गेलीं, घरें लुटलीं गेलीं, माणसें मारलीं गेलीं, आणि सहस्रावधि कुटुंबें सरहद्द ओलांडून सोलापूर, बार्शी, नगरकडे निघून गेलीं. या उन्मादास विरोध करणारा मुसलमानही सुरक्षित नव्हता. हैदराबादनें हिंदुस्थानांत सामील व्हावें असें निर्भयपणें लिहिणारे ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्यें भर रस्त्यांत खून झाला. हा जुलूम खरा होता, मोठा होता, आणि तो सांगतांना हात आखडण्याचें कांहींच कारण नाहीं.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी सैन्य राज्यांत शिरलें, आणि १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली. मराठवाडा मुक्त झाला. परंतु ‘अनल मलिक’ची दुष्ट जादू त्या दिवशीं संपली नाहीं, ती केवळ उलटी झाली. ज्या विणकरास कालपर्यंत राजा म्हटलें गेलें, त्याच्याकडून आतां राजाचा सूड घेतला गेला. प्रत्येक मुसलमान राज्याचा वांटेकरी, हें रझवीचें वाक्य त्याच्या शत्रूंनींही खरें मानलें, आणि प्रत्येक मुसलमान रझाकार, असें त्याचें भाषांतर केलें. रझवीवर खटला झाला, त्यानें शिक्षा भोगली, आणि १९५७ सालीं सुटून तो पाकिस्तानांत गेला. त्याच्या शब्दांची खरी किंमत खेड्यापाड्यांतील निनांवी माणसांनीं मोजली.

तिच्या चौकशीसाठीं पंतप्रधान नेहरूंच्या इच्छेवरून पंडित सुंदरलाल, ‘पयाम’ पत्राचे संस्थापक काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे तिघे हैदराबादेस आले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळांत त्यांनीं राज्याच्या १६ पैकीं ९ जिल्ह्यांतून प्रवास केला व शंभरांहून अधिक गांवांच्या लोकांच्या साक्षी ऐकल्या. त्यांचा अंदाज असा कीं, पोलीस कारवाईच्या काळांत व तिच्यानंतर राज्यांत निदान २७ ते ४० हजार माणसें प्राणास मुकलीं. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या चार जिल्ह्यांत हा आंकडा १८ हजारांहून कमी नव्हता. औरंगाबाद, बीड, नळगोंडा व मेदक या चारांत मिळून तो निदान ५ हजार होता. केज या दोन गटांच्या शिवेवरच पडतें.

ज्या चार जिल्ह्यांत सर्वांत अधिक संहार झाला तेच रझाकारांचे बळकट अड्डे होते, हें अहवाल स्पष्टपणें नमूद करतो. सैन्यांतील व पोलिसांतील कांहीं माणसें लुटींत व इतर गुन्ह्यांत सामील झाल्याच्या साक्षी तो लपवीत नाहीं. आणि कित्येक हिंदूंनीं मुसलमान शेजाऱ्यांस वांचविलें, कांहीं ठिकाणीं हिंदू विणकरांनीं मुसलमान विणकरांसाठीं आपले प्राणही वेंचले, हेंही तो सांगतो. आमच्या मतें त्या सर्व कागदांतील मोलाची नोंद हीच. धंद्याच्या भावानें धंद्याच्या भावास ओळखलें. त्यास राजा किंवा रझाकार म्हणून पाहिलें नाहीं.

हे तिघे गांवोगांव फिरत असतांनाच तिकडे पॅरिस येथें ९ डिसेंबर रोजीं संयुक्त राष्ट्रांनीं वंशसंहारविरोधी करार मंजूर केला, आणि दुसऱ्याच दिवशीं मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. ‘जेनोसाईड’ हा शब्द १९४४ सालीं घडविणारे राफाएल लेम्किन हे पोलंडचे ज्यू कायदेपंडित. जगांतील अशा संहारांचा इतिहास लिहिण्यास त्यांनीं हात घातला होता, पण तो पुरा झाला नाहीं. त्यांचा शब्द आम्ही १९४८ च्या मराठवाड्यास सरसकट लावणार नाहीं. एखादा समूहच नष्ट करण्याचा हेतु सिद्ध झाल्यावांचून तो वापरूं नये, असें त्या करारावरूनच ठरतें. आणि इतिहासकारानें शब्दही आंकड्याइतकेच तोलून वापरावे. परंतु जाहीरनाम्यांतील एक बदल आम्हांस येथें फार अर्थपूर्ण वाटतो. मूळ मसुद्यांतील ‘सर्व पुरुष’ या अर्थाच्या शब्दांच्या जागीं ‘सर्व मानव’ हे शब्द आले ते हिंदुस्थानच्या प्रतिनिधि हंसा मेहता यांच्या आग्रहानें. हक्क माणसाचा असतो, जमातीचा नव्हे. आणि म्हणून मृत्यूही एकेका माणसाचाच मोजावा लागतो.

अहवालाचें प्राक्तन मात्र चमत्कारिक ठरलें. सुंदरलालजींचा ‘भारत में अंग्रेजी राज’ हा ग्रंथ १९२९ सालीं प्रसिद्ध होतांच इंग्रज सरकारनें जप्त केला होता. राज्यकर्त्यांनीं लिहिलेल्या इतिहासाचा खोटेपणा उघड करणें, हा त्यांचा गुन्हा. वीस वर्षांनीं त्यांनीं आपल्याच सरकारच्या हातीं सत्य दिलें, तेव्हां तेंही दप्तरांतच राहिलें. सरदार पटेलांस तें मान्य झालें नाहीं. मुंबईचे कायदेपंडित ए. जी. नूराणी यांनीं २०१३ सालीं हैदराबादवरील आपल्या ग्रंथांत तो अहवाल छापला, तेव्हां घटनेस ६५ वर्षें लोटलीं होतीं.

हा आंकडा पुढें आणल्यानें रझाकारांचा जुलूम झांकला जाईल, अशी भीति कित्येकांस वाटते. ती भीति आम्ही निराधार म्हणत नाहीं. एका बाजूच्या मृतांचा उपयोग दुसऱ्या बाजूचे मृत पुसण्यासाठीं करणारे लोक दोहों पक्षीं आहेत. पण याला उपाय गप्प बसणें हा नव्हे. मेलेल्या माणसांचे हिशेब एकमेकांतून वजा होत नाहींत. सप्टेंबरपूर्वीं जळालेल्या घराची नोंद आणि सप्टेंबरनंतर रिकाम्या झालेल्या घराची नोंद एकाच वहींत, एकाच अक्षरांत व्हावयास पाहिजे. पहिल्या नोंदीचें काम स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणींनीं आणि अनंत भालेराव यांच्या ग्रंथानें पुष्कळ पुढें नेलें आहे. दुसरीचीं पानें बव्हंशीं कोरीं आहेत, आणि तीं भरूं शकणारीं माणसें आज नव्वदीच्या घरांत आहेत.

दरवर्षीं १७ सप्टेंबरला मराठवाड्यांत मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो, आणि तो व्हावयासच हवा. त्या दिवशीं केजसारख्या प्रत्येक तालुक्याच्या गांवीं एखाद्या शिक्षकानें आपल्या विद्यार्थ्यांस घरोघर पाठवून वृद्धांच्या तोंडून दोन्ही नोंदी लिहून घ्याव्या: कोण गेलें, कोणीं मारलें, आणि कोणीं वांचविलें. यांतील तिसरा प्रश्न विसरूं नये. पहिल्या दोन उत्तरांनीं इतिहास खरा होईल. तिसऱ्यामुळें तो त्या गांवांतील दोन्ही मोहल्ल्यांना वाचवेल असा होईल.