प्रक्रिया उद्योगांतील संख्यात्मक जोखीम मूल्यमापन आणि तज्ज्ञ प्रशिक्षण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
रसायने, खते, पेट्रोलियम इत्यादी प्रक्रिया उद्योगांत अपघात किती वेळा घडू शकेल आणि घडल्यास किती हानी होईल, याचे आकड्यांत केलेले मापन म्हणजे संख्यात्मक जोखीम मूल्यमापन होय. आज हे कार्य प्रामुख्याने संगणक प्रणालींच्या साहाय्याने केले जाते. या प्रणालींचा विकास कसा झाला आणि त्या हाताळणाऱ्यांच्या उच्च प्रशिक्षणास महत्त्व का प्राप्त झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उगम व विकास :
या विचाराचे मूळ अणुऊर्जा क्षेत्रात आढळते. १९६७ मध्ये ब्रिटनमधील एफ. आर. फार्मर यांनी अपघाताची वारंवारता व तीव्रता यांचा संबंध आलेखाद्वारे मांडला. रासायनिक उद्योगाला मात्र दुर्घटनांनी जागे केले. १ जून १९७४ रोजी इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील कारखान्यात तात्पुरती बसविलेली जोडनळी निखळली, सायक्लोहेक्झेनच्या बाष्पमेघाचा स्फोट झाला आणि २८ कामगार मृत्युमुखी पडले. ही जोडनळी बसविली गेली तेव्हा तिच्या रचनेचे दोष ओळखू शकेल असा पात्र यंत्र अभियंता कारखान्यात नव्हता. प्रशिक्षित मनुष्यबळाचा प्रश्न अशा रीतीने या इतिहासाच्या आरंभापासूनच दिसतो.

त्यानंतर ब्रिटनमध्ये कॅन्व्ही बेटावरील उद्योगांचा अभ्यास १९७८ मध्ये आणि नेदरलँड्समध्ये राइनमोंड परिसरातील सहा प्रकल्पांचा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा मूल्यमापनात गळती, वायूचा प्रसार, आग, स्फोट व विषबाधा यांची असंख्य गणिते करावी लागत. हे हाताने करणे अशक्यप्राय असल्याने १९८० च्या दशकात डच शासनासाठी 'सेफेटी' ही संगणक प्रणाली तयार करण्यात आली. १९८८ मधील पायपर अल्फा दुर्घटनेत १६७ जणांचा बळी गेला. त्यावरील लॉर्ड कलन यांच्या १९९० च्या अहवालानंतर समुद्रातील तेल उद्योगातही ही पद्धत रूढ झाली.

भारतीय संदर्भ :
१९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेने कारखान्याच्या कुंपणाबाहेरील वस्तीचा प्रश्न भीषण स्वरूपात पुढे आणला. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि १९८९ मध्ये घातक रसायनांच्या उत्पादन, साठवण व आयातीसंबंधीचे नियम लागू झाले. जोखीम विश्लेषणासाठी भारतीय मानक आयएस १५६५६ हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रशिक्षणाची आवश्यकता :
संगणक उत्तर देतो. परंतु छिद्राचा आकार, वाऱ्याची स्थिती, गळतीची वारंवारता ही गृहीतके माणूसच निवडतो. युरोपातील 'अ‍ॅशुरन्स' प्रकल्पात सात तज्ज्ञ गटांनी अमोनियाच्या एकाच साठवण प्रकल्पाचे मूल्यमापन केले, तेव्हा त्यांच्या निष्कर्षांत मोठी तफावत आढळली. ११ डिसेंबर २००५ रोजी इंग्लंडमधील बन्सफील्ड येथील स्फोटाचा दाबही प्रचलित गणितांच्या अंदाजापेक्षा कितीतरी अधिक ठरला. म्हणून उच्च प्रशिक्षणात केवळ प्रणालीची हाताळणी पुरेशी नाही. प्रतिमानाच्या मर्यादा, गृहीतकांची छाननी आणि उत्तरातील अनिश्चितता यांचे शिक्षण त्यात अनिवार्य ठरते.

निष्कर्ष :
या इतिहासात प्रत्येक दुर्घटनेनंतर गणिते अधिक सूक्ष्म होत गेली. मात्र निर्णयाची जबाबदारी माणसाकडेच राहिली. मूल्यमापनातील आकड्यावरून कारखान्याशेजारी वस्ती असावी की नसावी हे ठरत असेल, तर त्या आकड्यावर शंका घेण्याची क्षमता हीच प्रशिक्षणाची खरी कसोटी होय.